झाशीला बिऱ्हाड हलवताना : परराज्यातील स्थलांतराचा हिशेब

भारतात कोठेही जाण्याचा आणि कोठेही स्थायिक होण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. नोकरी, बदली, व्यवसाय अथवा विवाह या कारणांनी दरवर्षी असंख्य कुटुंबे या हक्काचा वापर करतात. मात्र एका राज्यात मिळणारे सगळेच हक्क आणि सवलती सामानाबरोबर दुसऱ्या राज्यात जातातच असे नाही. काही सीमेपलीकडे जसेच्या तसे चालतात, काही नव्याने मिळवावे लागतात, तर काही मूळ राज्यातच राहतात. कुटुंबासह परराज्यात जाण्याचा निर्णय घेताना पगार आणि घरभाडे यांचा विचार बहुतेक जण करतात. या तिसऱ्या गटाचा विचार मात्र अनेकदा उशिरा, मुलांच्या प्रवेशाची वेळ आल्यावर होतो.

२०११च्या जनगणनेनुसार देशात आपले पूर्वीचे वास्तव्य सोडून अन्यत्र राहणाऱ्यांची संख्या सुमारे ४५ कोटी होती. यांपैकी बहुसंख्य लोक आपल्याच राज्यात हललेले होते. राज्याची सीमा ओलांडणारे सुमारे साडेपाच कोटी, म्हणजे साधारणतः आठांपैकी एक होते. या आंतरराज्य प्रवाहात सर्वाधिक माणसे उत्तर प्रदेशातून बाहेर पडतात आणि सर्वाधिक महाराष्ट्रात येतात. महाराष्ट्रातून उत्तर प्रदेशाकडे जाणारे कुटुंब त्यामुळे प्रवाहाच्या उलट दिशेने जात असते. असे असले तरी या उलट वाटेवरचे एक शहर मराठी माणसाला अडीचशेहून अधिक वर्षांपासून परिचित आहे. ते शहर म्हणजे झाशी.

जुनी वाट, वेगवेगळे हेतू

बुंदेला राजा छत्रसाल याने महंमदखान बंगशाविरुद्ध केलेल्या साहाय्याच्या मोबदल्यात पहिल्या बाजीरावाला आपल्या राज्याचा हिस्सा दिला आणि झाशीचा प्रदेश मराठ्यांकडे आला. १७४२ मध्ये नारोशंकर येथे सुभेदार म्हणून आले. त्यांनी किल्ल्याचा विस्तार केला आणि शहर वसवले. पुढे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील नेवाळकर घराणे झाशीच्या सुभेदारीवर आले व पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिले. या घराण्यासाठी झाशी हे परगाव उरले नव्हते. ते त्यांचे घर झाले होते.

राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे यांची वाट निराळी होती. चिमाजी आप्पांच्या सेवेत ते काशीला राहिले, त्यानंतर बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला गेले आणि कन्येच्या विवाहानंतर झाशीत आले. प्रत्येक स्थलांतर उपजीविकेशी आणि आश्रयदात्याशी बांधलेले होते. मराठी समाजाचे झाशीतील गणेश मंदिर १८४२ मधील या विवाहाचे स्थान म्हणून आजही दाखवले जाते.

तिसरे उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे आहे. घरावरील कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत दक्षिणा मिळवावी, या हेतूने ते १८५७ मध्ये कोकणातून निघाले. झाशीच्या वेढ्यात सापडून मिळवलेले बहुतेक सर्व गमावले, तरीही ते घरी परतले. ‘माझा प्रवास’ हा त्यांचा ग्रंथ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला.

कायमचे राहण्यासाठी जाणे, उपजीविका नेईल तेथे जाणे आणि ठरावीक मिळकत करून परतण्यासाठी जाणे, असे हे तीन हेतू आहेत. आजही परराज्यात निघालेले कुटुंब यांपैकी एका गटात मोडते. आपण कोणत्या गटात आहोत, हे निघण्यापूर्वी ठरवणे हा या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कारण एका गटाला लाभदायक असलेली गोष्ट दुसऱ्या गटाला तोट्याची ठरू शकते.

झाशीकडे नेणारी कारणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाशी हे रेल्वेचे मोठे केंद्र झाले. येथील कारखाना १८९५ मधील आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा व पुढे १९५१ पासून मध्य रेल्वेचा भाग असल्याने झाशीचा कारभार दीर्घकाळ मुंबईहून चालत असे. भुसावळ किंवा कल्याणच्या कर्मचाऱ्याची झाशीला झालेली बदली त्या काळी एकाच रेल्वेच्या अंतर्गत होती. १ एप्रिल २००३ पासून झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुख्यालय अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज येथे आले. तेव्हापासून महाराष्ट्रातील रेल्वे कर्मचाऱ्यासाठी झाशी ही दुसऱ्या रेल्वेची हद्द झाली. एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतल्यास ज्येष्ठता यादीत तळाशी जावे लागते. परतीच्या बदलीलाही हाच नियम लागू होतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

रेल्वेखेरीज भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा ट्रान्सफॉर्मर कारखाना, बबीना येथील लष्करी छावणी, बुंदेलखंड विद्यापीठ, महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१४च्या कायद्याने स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ या संस्थांमुळे बाहेरील नोकरदार येथे येतात. उत्तर प्रदेशातील संरक्षण उद्योग मार्गिकेत झाशीचा समावेश असून नोव्हेंबर २०२१ मध्ये भारत डायनॅमिक्सच्या प्रकल्पाची पायाभरणी येथे झाली.

दळणवळण ही झाशीची जमेची बाजू आहे. मुंबईहून भोपाळमार्गे दिल्लीला जाणारा लोहमार्ग येथूनच जातो. मुंबई ते झाशी हे अंतर रेल्वेने सुमारे १,१३० किलोमीटर, तर नागपूर ते झाशी सुमारे ६८० किलोमीटर आहे. रात्री नागपूरहून निघालेला प्रवासी सकाळी झाशीत पोहोचू शकतो. वृद्ध आई-वडील महाराष्ट्रातच राहणार असतील, तर या एका गोष्टीला मोठे महत्त्व येते.

पगाराचा हिशेब

मुंबई-पुण्याच्या तुलनेत झाशीत घर स्वस्त मिळते. मात्र केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ताही त्याच प्रमाणात बदलतो. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत मुंबई व पुणे ‘एक्स’ वर्गात, तर नागपूर आणि झाशी ‘वाय’ वर्गात आहेत. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर जानेवारी २०२४ पासून या वर्गांसाठी अनुक्रमे ३० व २० टक्के दर लागू झाले. मूळ वेतन ५० हजार रुपये असलेल्या कर्मचाऱ्याचा भत्ता या दरांनी मुंबईत १५ हजार, तर झाशीत १० हजार रुपये होतो. पाच हजारांची ही घट घरभाड्यातील बचतीतून वजा केल्यावरच खरा लाभ समजतो. नागपूरहून जाणाऱ्याला या भत्त्यात फरक पडत नाही. महाराष्ट्रात वर्षाला कमाल २,५०० रुपये असलेला व्यवसाय कर उत्तर प्रदेशात आकारला जात नाही. ही बचत लहान असली तरी नियमित आहे.

खर्चाच्या बाजूस हवामानाचीही नोंद घ्यावी लागते. बुंदेलखंडाची भूमी कठीण ग्रॅनाइट खडकाची असल्याने पाणी जमिनीत फारसे मुरत नाही आणि कमी पावसाच्या वर्षी टंचाई जाणवते. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो व दुपारी ‘लू’ म्हणून ओळखला जाणारा उष्ण वारा वाहतो. कोकण किंवा पुण्याच्या हवेची सवय असलेल्या वृद्धांना व लहान मुलांना पहिला उन्हाळा जड जातो. घर पाहण्यासाठी हिवाळ्यात जाणाऱ्यांनी नळाला उन्हाळ्यात पाणी किती वेळ येते, याची चौकशी शेजाऱ्यांकडे करणे योग्य ठरते.

मुलांचे शिक्षण

स्थलांतराचा सर्वांत दूरगामी परिणाम मुलांच्या शिक्षणावर होतो. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने प्राथमिक वर्गातील मूल झाशीच्या शाळेत लवकर रुळते. शब्द ओळखीचे वाटले तरी अर्थ निराळे निघतात. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, तर हिंदीत शिक्षण. अशा अडचणी काही महिन्यांत दूर होतात. याउलट, घरात मराठी बोलणारे मूल मराठी लिहायला मात्र शाळेत शिकत नाही. भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, असे राज्यघटनेचा ३५०-क हा अनुच्छेद सांगतो. वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी असल्यास त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासून मान्य आहे. झाशीत विखुरलेल्या मराठी कुटुंबांची मुले एका शाळेत एवढ्या संख्येने येणे कठीण असल्याने मराठीची जबाबदारी घरावरच येते.

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य करण्यात आला आहे. त्यामुळे काही वर्षांनी परतणाऱ्या मुलाला मराठीचे लेखन-वाचन येणे व्यवहारतःही आवश्यक झाले आहे. मंडळाची निवड करताना हेच तत्त्व लागू पडते. परतायचे असल्यास केंद्रीय विद्यालय अथवा केंद्रीय मंडळाची शाळा सोयीची असते, कारण अभ्यासक्रम देशभर सारखा असतो. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना केंद्रीय विद्यालयात प्राधान्य मिळते आणि झाशीत अशी विद्यालये आहेत. उत्तर प्रदेशातच स्थायिक होणाऱ्यांना राज्य मंडळाचाही विचार करता येतो.

खरी कसोटी बारावीनंतर लागते. वैद्यकीय पदवीच्या सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित ८५ टक्के राज्य कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण होणे अपेक्षित असते. बदली झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांसारखे काही अपवाद आहेत. खासगी नोकरीसाठी झाशीला गेलेल्या कुटुंबातील मुलगी तेथे दहावी करून बारावीसाठी नागपूरला परतली, तर तिला महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात अडचण येऊ शकते आणि उत्तर प्रदेशच्या कोट्यातही तिचा दावा दुबळा राहतो. दोन राज्यांत विभागलेली ही दोन वर्षे सर्वांत महाग पडतात. म्हणूनच मूल आठवीत जाण्यापूर्वी एका राज्यात स्थिर होणे किंवा बारावीपर्यंत स्थलांतर लांबवणे, हे दोन मार्ग अधिक सुरक्षित ठरतात.

पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची स्थिती आता वेगळी आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्तरावरील अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. पदवी स्तरावरील राज्य कोटा मात्र कायम आहे.

आरक्षण राज्याच्या सीमेवर थांबते

अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांनुसार प्रत्येक राज्यापुरत्या ठरवलेल्या आहेत. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत असलेले एक कुटुंब नोकरीनिमित्त मुंबईत आले. त्यातील मुलाला महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशात जमातीचा लाभ नाकारण्यात आला. हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला आणि मर्री चंद्रशेखर राव खटल्याच्या १९९०च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की स्थलांतरिताला मूळ राज्यातील हा दर्जा नव्या राज्यात आपोआप मिळत नाही. २०१८ मध्ये बीरसिंग खटल्यातही हीच भूमिका राज्य सेवांच्या संदर्भात कायम राहिली.

याचा अर्थ असा, की महाराष्ट्रातील अनुसूचित जाती किंवा जमातीचे कुटुंब झाशीला गेल्यास उत्तर प्रदेश सरकारच्या नोकऱ्या व राज्य कोट्यातील प्रवेश यांत ते सर्वसाधारण गटात धरले जाते. दोन्ही राज्यांच्या यादीत जातीचे नाव सारखे असले तरी स्थिती बदलत नाही. मूळ राज्यातील दर्जा नष्ट होत नाही. केंद्रीय सेवांसाठी व केंद्रीय संस्थांसाठी तो उपयोगी पडतो. इतर मागासवर्गीयांची केंद्रीय यादीही राज्यनिहाय असल्याने त्यांनीही हीच काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रासाठी जुन्या वास्तव्याचे पुरावे आणि पुढे पडताळणी आवश्यक असते. आजोबा-वडिलांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुने महसुली उतारे व मुलांची प्रमाणपत्रे निघण्यापूर्वीच मिळवलेली बरी. हजार किलोमीटरवरून तहसील कार्यालयाच्या फेऱ्या घालणे सोपे नसते.

जोडीदाराची नोकरी

बदलीचा आदेश बहुधा एकाच्या नावे येतो, पण नोकरी अनेकदा दोघांची बदलते. वकिलाला वकील कायद्याच्या १८व्या कलमानुसार आपले नाव एका राज्याच्या वकील परिषदेतून दुसऱ्या राज्यात विनाशुल्क हलवता येते. परिचारिकेला नव्या राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. शिक्षकांची वाट अधिक कठीण आहे. प्रत्येक राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा वेगळी असून मराठी माध्यमात शिकवणाऱ्या शिक्षिकेचे कौशल्य झाशीत त्याच स्वरूपात उपयोगी पडत नाही. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असल्यास केंद्रीय शाळांचा मार्ग खुला राहतो. महाराष्ट्राच्या राज्य सेवेतील पद मात्र सोडावे किंवा रजेवर ठेवावे लागते. एका पगारातील वाढ दुसऱ्या पगाराच्या तोट्यापेक्षा अधिक आहे का, हा प्रश्न कागदावर मांडून पाहणे हिताचे असते. निवृत्तिवेतनावरील परिणाम त्या बेरजेत आलाच पाहिजे.

आता सीमेपलीकडे चालणाऱ्या सुविधा

गेल्या काही वर्षांत काही अडथळे दूर झाले आहेत. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था २०१९ मध्ये चार राज्यांतून सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत पोहोचली. महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य झाशीतील दुकानातूनही घेता येते. आयुष्मान भारत योजनेतील उपचारही देशातील संलग्न रुग्णालयांत मिळतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनधारकांना जानेवारी २०२५ पासून कोणत्याही बँकेतून निवृत्तिवेतन घेण्याची सोय झाली असून हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल स्वरूपात देता येतो.

मतदार यादीतील नोंद नव्या पत्त्यावर हलवण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. मोटार वाहन कायद्यानुसार अन्य राज्यातील वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि कर नव्या राज्यात भरून जुन्या राज्याकडे परतावा मागावा लागतो. सरकारी कर्मचारी, तसेच चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेची नोंदणी उपलब्ध आहे. तीत राज्य बदलले तरी पुनर्नोंदणी करावी लागत नाही.

राज्य सरकारांच्या स्वतःच्या योजना मात्र राज्यापुरत्याच राहतात. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी राज्यातील रहिवास ही अट आहे. कुटुंब खरोखरच झाशीला राहायला गेले असताना जुन्या पत्त्यावर लाभ घेत राहणे हे नियमबाह्य ठरते.

परतीचा मार्ग

स्थलांतराचा खर्च भागवण्यासाठी गावाकडील शेतजमीन विकण्याचा विचार अनेक कुटुंबांत होतो. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेवटचा तुकडाही विकला गेला, तर पुढील पिढीला शेतकरी म्हणून परत येण्याची वाट जवळजवळ बंद होते. कायमचे जाणाऱ्याला ही अडचण वाटणार नाही. दहा वर्षांनी परतू इच्छिणाऱ्याला मात्र सातबाऱ्यावरील नाव टिकवणे मोलाचे आहे.

परतीची शाश्वती कधीच पूर्ण नसते, याचा दाखला झाशीच्याच इतिहासात आहे. पारोळ्याच्या नेवाळकर शाखेतील लहान मुलाला १८५३ मध्ये गंगाधररावांनी दत्तक घेतले व दामोदरराव हे नाव दिले. संस्थान खालसा झाले, १८५८ मध्ये राणी लढाईत कामी आल्या आणि दामोदररावांना पुढील आयुष्य इंदूरमध्ये काढावे लागले. खानदेश, झाशी आणि इंदूर अशा तीन ठिकाणी नियतीने नेलेल्या या घराण्याच्या वंशजांनी ‘झाशीवाले’ हे आडनाव जपले. स्थान सुटल्यावर नाव उरले.

निर्णयापूर्वी

सर्व बाजू लक्षात घेता ‘जावे की जाऊ नये’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ‘किती वर्षांसाठी’ हा प्रश्न आधी सोडवला, तर इतर उत्तरे सोपी होतात.

तीन-चार वर्षांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने महाराष्ट्रातील अधिवास, जमीन व जातीविषयक कागदपत्रे सांभाळावीत, केंद्रीय मंडळाची शाळा निवडावी आणि मुलांचे मराठी लेखन घरी चालू ठेवावे. मूल नववी ते बारावीत असल्यास एकाने पुढे जाऊन उरलेल्यांनी काही काळ मागे राहणे, हा पर्याय त्रासाचा असला तरी कमी नुकसानीचा असू शकतो. त्यात दोन घरांचा खर्च आणि वर्षभराच्या प्रवासाचा खर्च मात्र स्पष्टपणे मांडावा.

कायमचे जाणाऱ्या कुटुंबाने उलट मार्ग धरावा. मतदार नोंदणी, वाहन नोंदणी व निवासाचा दाखला ही कामे पहिल्या वर्षातच हाती घ्यावीत, मुलांची दहावी व बारावी उत्तर प्रदेशातच व्हावी आणि हिंदी परीक्षेपुरती न ठेवता आपलीशी करावी. ज्या कुटुंबांना आरक्षणाचा आधार आहे, त्यांनी राज्य पातळीवर तो नव्या ठिकाणी मिळणार नाही, हे गृहीत धरूनच पगारवाढीचे मोल ठरवावे.

सर्वाधिक तोटा होतो तो ‘बघू पुढे’ म्हणून वर्षे लोटणाऱ्या कुटुंबांचा. त्यांचा जुन्या राज्यातील अधिवासाचा पुरावा हळूहळू क्षीण होतो आणि नव्या राज्यातील नोंदी अपुऱ्या राहतात. प्रौढांना ही स्थिती फारशी जाणवत नाही, कारण पगार वेळेवर येत असतो. किंमत चुकवतात ती मुले, प्रवेश अर्जातील ‘अधिवासाचे राज्य’ हा रकाना भरताना. त्या रकान्यात काय लिहायचे, हे बिऱ्हाड हलवण्यापूर्वीच ठरलेले असावे.